मांडीवरची कवटी

२०१७ साली चारोटीहून डहाणूला जाणाऱ्या जीपमध्ये एक शिक्षिका माझ्या शेजारी बसली. तिच्या मांडीवर मातीची मोठी कवटी होती.

"मॅडम, टपावर बांधू काय?" ड्रायव्हरने विचारलं.

"नको. दिवाळीची सुट्टीभर खपून केलीय."

दाढांवरची धूळ पदराने पुसत ती मला म्हणाली, "माणसाचा हा नातेवाईक लाखो वर्षांपूर्वी नामशेष झाला. चिवट गवत, मुळं चावायचा, म्हणून जबडा एवढा मोठा."

रानशेतच्या अलीकडे जीप खड्ड्यात आदळली आणि तो जबडा फुटला. तिचे डोळे भरून आले. तरी वाकून तिने एकेक तुकडा पदरात घेतला.

"आता?" मी विचारलं.

"आता मुलंच जोडतील. कुठली दाढ कुठे बसते, ते हातांनी शिकतील."

रानशेतला उतरून ती भराभर शाळेकडे निघाली. तिच्या जागी मी असतो, तर घरी परतलो असतो.