अक्कांचा लसूण

रूथ, अमोल, परवा फोनवर रूथने विचारलं, "आजी, चर्चच्या अंकासाठी लिहायचंय, पण सगळं प्रवचनासारखं होतंय. काय करू?" याचं उत्तर आमच्या अक्कांकडे आहे. त्या नव्वदीला टेकल्या आहेत, म्हणून लगेच लिहायला बसले.

लसूण सोलता सोलता लेखकांची परीक्षा घेणारी दुसरी बाई साऱ्या माळव्यात सापडायची नाही. अक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली आत्तेबहीण, निवृत्त शिक्षिका. देवासच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणीही साक्ष, गीत, चिंतन, काहीही लिहिलं की आधी अक्कांच्या ओसरीवर वाचून दाखवायचं, असा दंडकच होता. लेखक वाचणार, अक्का परातीत लसूण सोलणार. जिथे त्यांचे हात थांबतील तेवढं ठेवायचं, बाकीचं खोडायचं. पाळकसाहेबांच्या एका लेखात तर अक्कांनी घरचा संपवून शेजारणीचाही लसूण मागवला. बिचारे जाताना सालं झाडून गेले. खातेगावच्या एका तरुण गायकाने क्षमेवर लांबलचक लेख आणला. अक्का माळव्याच्या हिंदीत म्हणाल्या, "भिया, इसमें इतवार ही इतवार है. सोमवार कहाँ गया?" तो लाजला. "अक्का, सोमवार को तो भाई से झगड़ा हुआ था." "बस, वही लिख!"

मग माझी पाळी आली. आजोबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि नाताळच्या अंकात त्यांच्यावर मी लिहायचं ठरलं होतं. तुम्ही दोघं लहानपणीच दूर गेलात. कागदावर ते नीट उतरले नाहीत तर तुमच्यापुरते ते पुसलेच जातील, ही माझी धास्ती. म्हणून मी जपून, शास्त्रातली वचनं पेरत, शुद्ध मराठीत लिहिलं. वाचू लागले. अक्कांचे हात एकदाही थांबले नाहीत.

"अगं, वचनं प्रभूची. ती आधीच छापून झालीत. माझा भाऊ कुठंय यात?"

मला रडूच आलं. म्हटलं, "काय लिहू, अक्का? रात्रपाळी करून थेट उपासनेला यायचे आणि प्रवचनभर झोपायचे. पण 'आमेन'ला बरोबर जागे व्हायचे आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायचे. इस्पितळात वाचा गेली, तरी पाळकसाहेबांची प्रार्थना संपली की खाटेच्या दांडीवर बोटानं टक् करायचे."

परातीतले हात थांबले होते.

"हे लिही."

"मंडळी हसेल."

"हसू दे. हसल्याशिवाय त्याची आठवण काढायची कशी?"

नाताळच्या उपासनेत ते वाचलं गेलं. अक्कांनी नुसतं छापू न देता मोठ्यानं वाचायला लावलं. हिंदी शाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलांना मराठी वाचायला जड जातं, ऐकायला नाही. मंडळी हसली. आणि मागच्या बाकावर कुणीतरी लाकडावर टक् केलं.

रूथ, तुझा सोमवार लिही आणि मला पाठव. मी तो अक्कांच्या ओसरीवर कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घेईन. त्यांना आता ऐकू येत नाही आणि हात थरथरतात, म्हणून लसूण मी सोलते. समोर बसून त्या माझ्या हातांकडे बघतात. ते थांबले की मान हलवतात. कान गेले, बोटं गेली. अक्कांची नजर अजून शाबूत आहे.