आप्पांच्या कानापुरता रेडिओ

यंत्रमागाच्या खडखडाटात आमच्या आप्पांचे कान गेले. एका खोलीचं घर. रेडिओ मोठा लावला की शेजारी भिंत ठोकायचे, म्हणून आप्पांनी तो बंदच करून टाकला.

मी घरातली पहिली पदवीधर. परवा मी रेडिओच्या स्पीकरची तार कापून तिथं हेडफोन लावायची खोबण बसवली. हेडफोन चढवताच आप्पांची मान डोलायला लागली. मग एकदम दचकून त्यांनी आवाज बारीक केला.

"शेजारी भिंत ठोकतील गं!" ते केवढ्यानं तरी म्हणाले.

त्यांचा एक कान मोकळा करून मी ओरडले, "आप्पा, गाणं फक्त तुम्हालाच ऐकू येतंय! ओरडताय तुम्ही!"

साधं गाणं ऐकायलाही माणूस किती वर्षं भिंतीला भितो!

आप्पांनी बटण फिरवून आवाज हळूहळू मोठा केला. आता ते रोज रेडिओ ऐकतात.