बयाबाईचे विरजण आणि परदेशाची पेटी

वेल्ह्याहून तोरण्याला वळसा घालून वर चढत जावे, तर कारवीच्या रानात धनगरांची एक लहानशी वस्ती लागते. पानशेतचे फुटलेले धरण पुन्हा बांधून पाण्याने भरले, त्या वर्षांत तेथे बयाबाई नावाची एक माउली नांदत होती. तिच्या घराचे वैभव ते काय सांगावे? गवताचे छप्पर, कुडाच्या भिंती, दावणीला म्हशी, आणि चुलीमागच्या कोनाड्यात दह्याचे एक मडके. पण त्या मडक्यापुढे ती अशी बसे, की पाहणाऱ्याने पायताण दूर काढावे. दूध तापवावे, कोमट होऊ द्यावे, करंगळी बुडवून पाहावी, ओठ मिटून घ्यावेत, आणि कालच्या दह्यातले पळीभर आजच्या दुधात सोडावे. कालचे आजला, आजचे उद्याला. सासूने ते तिच्या हाती दिले, सासूला तिच्या सासूने दिले. किती पिढ्यांच्या म्हशी आल्या आणि गेल्या, त्या घरचे विरजण काही तुटले नाही.

वस्तीची एक रीत होती. विरजण लावावे ते घरातल्या थोरल्या बाईने. दुसऱ्या कुणी लावायचे, तर ते तिच्या हाती द्यावे लागे. आणि एकदा दिलेले विरजण कुणी परत मागत नसे. ज्या हाती विरजण, त्या हाती दूध, तूप, चूल आणि सारे घर. म्हणून बायका ते केव्हा देत, तर अंथरुणाला खिळल्यावर. तोवर रोज दिवेलागणीला घरी हजर राहायचे. सासू गेल्यापासून बयाबाईने एक रात्र बाहेर काढली नव्हती. सख्ख्या भावाच्या लग्नात, वऱ्हाड जेवायला बसले असताना ती उपाशीपोटी डोंगर चढून परत आली होती. भोरचा बाजार आणि मेंगाईची जत्रा एवढे तिचे जग, आणि तेही ऊन असेपर्यंतचे.

अशा घरी एके दिवशी मड्डम आली.

ती स्वित्झर्लंडची. तिच्याही घराभोवती डोंगर, तिच्याही गोठ्यात गाई. डोंगरातली माणसे दूध कसे टिकवतात, ते पाहत ती देशोदेशी हिंडत होती, आणि बोलणे समजावून सांगायला पुण्याची एक शिकलेली मुलगी तिच्याबरोबर होती. बयाबाईने वाटीत दही दिले. मड्डमने ते जिभेवर ठेवले, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग ती तेथेच राहिली. घोंगडीवर निजली, भाकरी थापायला शिकली, शेणाने हात भरवून घेतले. निघताना तिने बयाबाईचे दोन्ही हात हाती घेतले, आणि ती मुलगी सांगू लागली:

"बाई म्हणतात, दसऱ्यानंतर महिनाभर आमच्या घरी या. तिकिटाचं त्या पाहतील. त्यांच्याकडे लोक सुट्टी काढून रांधायला शिकायला येतात. तुम्हीही तशाच या. त्यांचं शिका, तुमचं दाखवा."

बयाबाईचा नवरा हैबती उंबऱ्यात तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "सुट्टी काढून रांधायचं? आन मंग कामाच्या दिशी काय करत्यात, निजत्यात?"

"तुमी गप बसा," बयाबाई म्हणाली, आणि मुलीकडे वळली. "येते म्हनावं."

हा शब्द आपल्या तोंडातून कसा निघाला, हे तिचे तिलाही कळले नाही. पण निघाला खरा, आणि त्या दिवसापासून तिच्या डोळ्यांपुढे दुसराच एक डोंगर उभा राहिला. म्हशींमागे चालताना कारवीचे रान विरून जाई आणि हिरवी कुरणे पसरत. मड्डमने सांगितल्या तशा, गळ्यात मोठमोठ्या घंटा बांधलेल्या गाई उतारावरून खाली येत, आणि साऱ्या दरीत घंटांचा नाद भरून राही. बर्फ तिने कधी पाहिले नव्हते. ती मनात म्हणे, कार्तिकात तूप थिजते ना, तसा तो डोंगर थिजलेला असेल. वर चांदणे पडले की गाभ्यापर्यंत उजळत असेल. त्या थिजलेल्या डोंगराखाली एक चूल, चुलीभोवती गोऱ्या बायका, आणि मधोमध आपण. आपण काय म्हणू त्यांना? "बसा बायांनो," असे म्हणू. इतके ठरले की तिला हसू येई, आणि म्हैस भलतीकडेच निघून गेलेली असे.

पासपोर्टाचे काम मड्डमच्या ओळखीच्यांनी पुण्याहून मार्गी लावले. मुलगा म्हादू भोरहून पत्र्याची पेटी घेऊन आला; हिरवी, झाकणावर गुलाबाची दोन फुले रंगवलेली. बयाबाईने पेटीला हळदकुंकू लावले आणि भरायला घेतली. नाचणीचे पीठ, वरईचे तांदूळ, कुळीथ, लसणीची चटणी, बिडाचा तवा, दोरीसकट रवी. आज भरावे, उद्या सारे काढून पुन्हा नव्याने रचावे. पीठ खाली की तांदूळ खाली, यात तिची दुपार निघून जाई.

वेल्ह्याच्या एसटीवर नाना नावाचा कंडक्टर होता. पुण्यात रोज जाणारा तो एकटाच, म्हणून परदेशाचीही माहिती त्यालाच असणार, असे वस्तीने धरून चालले होते. एका सुट्टीच्या दिवशी तो डोंगर चढून पेटी पाहायला आला.

"काकी, इमानात वजन करून घेत्यात. येवढं चालायचं न्हाई."

"मंग जादाचं टपावर टाकू की."

"टप नसतो त्याला."

"बिनटपाची गाडी?" बयाबाई विचारात पडली. "मंग लोक बोकड कुठं चढवत्यात?"

"बोकड न्हेत न्हाईत, काकी. आन त्यो तवा काढा भाईर."

"तवा काढू? मंग भाकर काय तळहातावर भाजू?"

तवा राहिला, रवी गेली, ती पुन्हा आली. शेजारच्या घरातली चुलत जाऊ धोंडाबाई हे सारे दारात उभी राहून पाहत होती. नाना डोंगर उतरून गेल्यावर तिने पदर सावरला आणि म्हणाली, "समदं भरलंस, बया. आन विरजण कुनाच्या हाती?"

"कुनाच्या म्हंजे?"

"तू का रोज सांजच्याला इमानानं येनार हायस लावायला?"

बयाबाईचा हात पेटीच्या कडेवरच थांबला. रीत तिला ठाऊक नव्हती असे कसे म्हणावे? जन्मभर तिने तीच पाळली. पण मन दूरच्या डोंगरावर गेले होते, आणि मागे चुलीजवळ काय उरते, तिकडे त्याने वळून पाहिलेच नव्हते. जायचे तर विरजण सुनेच्या हाती द्यायचे. महिना सरेल, ती परत येईल. पण चुलीपुढची जागा काही परत येणार नाही. धडधाकट असताना, हातीपायी बळ असताना, आपल्याच घरात तिने पाहुणीसारखे बसायचे. आणि द्यायचे नाही, तर घंटांच्या गाई दरीतून उतरत राहतील. पाहायला बयाबाई असणार नाही.

तिने एक वाट शोधली. मेंढरांमागे दूर जाणारे लोक दह्यात फडके भिजवून सावलीत वाळवतात आणि घडी करून बरोबर नेतात. कोमट दुधात बुडवले की दही पुन्हा जागे होते. बयाबाईला वाटले, सारे विरजणच फडक्यात निजवावे आणि आपल्याबरोबर घ्यावे. महिनाभर घरात दही नको. कुणाच्या हाती द्यायलाही नको.

हैबतीने ऐकून घेतले. "आन दूध?"

"प्यायचं."

"समद्या म्हशी नुकत्याच व्याल्यात, बये. म्या आन म्हादू येवढं प्यायलो, तर आमालाच दावनीला बांधावं लागंल. दही न्हाई, तर लोनी न्हाई, तूप न्हाई. महिनाभर दूध वढ्यात सोडायचं का?"

तो खरेच बोलत होता. त्या रात्री तिने वाघजाईला हात जोडले, पण मागायचे काय, हेच तिला सुचेना. जाऊ दे म्हणावे, की राहू दे म्हणावे? हात जुळलेलेच राहिले आणि डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून ती पेटी रिकामी करू लागली. कुणाला काही सांगितले नाही. एका दुपारी कुळीथ काढून मडक्यात ओतले, एका दुपारी तांदूळ. आणि नवल असे, की संध्याकाळी पाहावे तर कुळीथ पेटीत परत, तांदूळ पेटीत परत. तिसऱ्या खेपेला तिने सुनेला धरले. अंबू पेटीपुढे गुडघे टेकून पिठाचे गाठोडे नीट बसवत होती.

"लई घाई झालीया तुला मडक्याची," बयाबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच कडू लागला.

अंबू उठली नाही. "मडकं तुमालाच ऱ्हाऊ द्या, आत्या. तुमी येस्तवर तुमच्या नावानं लावते म्या."

"तशी रीत न्हाई."

"मंग नका जाऊ." तिने गाठोड्याची गाठ घट्ट केली. "पर पेटी रिकामी नगा करू. पेटी भरताना तुमी गुनगुनता. या घरात आल्यापास्नं म्या तुमाला गाताना कंदी ऐकलं नव्हतं."

बयाबाई खाली बसली. आपण गुणगुणत होतो? कोणती ओवी, तेही तिला आठवेना. एवढे मात्र आठवले, की लग्नाआधी माहेरच्या रानात ती दिवसभर गात असे, आणि आई म्हणे, पोरीचा गळा मोकळा आहे. पुढे तिन्हीसांजेला ओठ मिटून विरजण लावता लावता ओठ मिटलेलेच राहिले. कुणी मिटवले नाहीत. मडक्याने नाही, सासूने नाही. ते असेच मिटत गेले. आता थिजलेल्या डोंगराने साद घातली आणि गळ्याने तिच्या नकळत ओ दिली. भगवंता, तुझी करणी अशी! कुठला कोण देश, कुठली कोण मड्डम, आणि कुठे जाऊन खुलला या माउलीचा गळा!

दिवस कलला. दूध तापून कोमट झाले. बयाबाई चुलीपासून उठून उभी राहिली.

"अंबू, हात धू."

अंबू पाहतच राहिली.

"धू म्हनते न्हवं. करंगळी बुडव. पोळलं न्हाई पायजे, आन गारबी लागलं न्हाई पायजे. आता त्वांड मीट."

तिने पळी सुनेच्या हाती दिली. एक थेंबही भलतीकडे सांडला नाही. दुधात दही उतरले. अंबूने मडक्यावर फडके बांधले आणि वाकून सासूच्या पायांना हात लावला. बयाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षणभर तेथेच राहू दिला.

सकाळी दही लागले होते. बोट भरून तिने चाखले. तिच्या हातच्यापेक्षा ते मऊ होते, किंचित गोडसर. दूध अंमळ जास्त निवल्यावर लावले, असे सांगायला तिने तोंड उघडले. मग दुसरे बोट चाखले आणि तोंड मिटले. हैबती ताटावर बसला होता. त्याने भाकरी कालवली, खाल्ली, आणि "आज आनीक वाढ," एवढेच म्हणाला. बयाबाईच्या मनाला थोडेसे लागले आणि थोडेसे बरेही वाटले.

आणि संध्याकाळ आली. चुलीपुढे अंबू बसली. बयाबाईला काहीच काम नव्हते. ती अंगण ओलांडून वस्तीच्या टोकाच्या खडकावर जाऊन बसली. इतकी वर्षे या वेळी ती आत, धुरात, दुधावर डोळा ठेवून असे. या डोंगरावर दिवस कसा मावळतो, ते तिने पाहिलेच नव्हते. खाली दूरवर पानशेतचे पाणी आधी तांब्याचे झाले, मग जांभळे झाले. तोरण्याची कडा काळी झाली, कडेवर सोन्याची एक रेघ राहिली, आणि तीही हळूच पुसली गेली. विमान आकाशात चढेल तेव्हा खाली असेच दिसेल का? मड्डमच्या घरून दिवस असाच मावळतो का? ती बसल्या जागी हलकेच झुलू लागली, आणि गळ्यातून काहीतरी निघू लागले. या खेपेला ते तिला ऐकू येत होते.

मग तिला आठवले. अंगणात धुतलेले पांढरे फडके वाळत होते. ते घेऊन ती घराकडे वळली, आणि आपल्याच घराच्या दारात, शेजारीण उभी राहते तशी, बाहेर उभी राहिली.

"अंबू, वाईच विरजण देतीस का? फडकं भिजवायचं हाय. मड्डमला न्यायचं."

अंबूने मान वर केली. चुलीच्या उजेडात तिचे तोंड गंभीर होते, पण गालाचा एक कोपरा काही तिचे ऐकत नव्हता.

"दिवस मावळला, आत्या. सांजचं विरजण घराभाईर देत न्हाईत. सकाळी या."

आतून हैबतीचे खोकल्यासारखे हसणे आले. बयाबाईने सुनेकडे पाहिले, हातातल्या फडक्याकडे पाहिले.

"बरं बाई," ती म्हणाली, "सकाळी येते."

फडके खांद्यावर टाकून ती पुन्हा खडकाकडे निघाली. अजून थोडा उजेड होता.