दुर्कसबाईंची साक्ष

यावलपासून चार कोसांवरच्या गावात मिशनचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. तिथे दुर्कसबाई साळवे नर्स होत्या. त्यांचं लग्न झालं नव्हतं. धाकटा भाऊ शांतवन मिशनच्या शाळेत मास्तर. बहीणभाऊ एकत्र राहत. बाईंच्या हातून अर्ध्या गावाची बाळंतपणं झालेली.

एकोणसत्तरच्या डिसेंबरात शांतवनचा खून झाला. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या लोटनशी त्याचं बांधावरच्या वाटेवरून भांडण झालं होतं. लोटनने दोन दिवस दबा धरला आणि तिसऱ्या दिवशी शाळेतून परतणाऱ्या मास्तरांवर कोयता चालवला. भाऊ जेवायला आला नाही म्हणून बाई शोधत निघाल्या, तेव्हा लोटन पाटाच्या पाण्यात कोयता धूत होता. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं. दोघांची नजरानजर झाली. तो पळालासुद्धा नाही.

फेब्रुवारीत लोटनची बायको बेबाबाई दवाखान्यात आली. ती साक्रीकडची, गावात तिचं कोणी नव्हतं. बाक सोडून ती खालीच बसली.

"बाई, दोन महिना व्हयनात. माले हाई पोर नको. धनीले फाशी व्हई, मंग याले कोन शे?"

दुर्कसबाईंना तिच्याकडे बघवत नव्हतं. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "ते पाप मी करणार नाही. दुसरीकडेही जाऊ नकोस, मरशील. जीव देवाने दिलाय, घ्यायचा हक्क त्याचाच."

बेबाबाई उठून गेली. बाईंचा शब्द तिने मानला.

जूनमध्ये जळगावच्या कोर्टात खटला उभा राहिला. बाईंनी बायबलवर हात ठेवून जे पाहिलं तेच सांगितलं. वकिलाने उलटसुलट विचारलं, त्या डगमगल्या नाहीत. लोटनला फाशीची शिक्षा झाली. ती ऐकून बाईंना बरं वाटलं, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं.

कोर्टाच्या व्हरांड्यात बेबाबाई पोटावर हात ठेवून बसली होती. बाई जवळून जाताना तिने पदर धरला.

"जीव देवना शे म्हने ना तुमी? मंग मन्हा धनीना जीव कोना शे? सरकारना का?"

बाईंनी पदर सोडवून घेतला नाही. शेवटी बेबाबाईनेच तो सोडला.

पुढच्या रविवारी बाई तोच प्रश्न घेऊन चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेल्या. पाळकसाहेब शांतवनच्या प्रेतापुढे ढसाढसा रडले होते. ते म्हणाले, "पोटातलं लेकरू निष्पाप आहे बाई. लोटन खुनी आहे. दोघांना एका तागडीत घालू नका. शिक्षा करायचा अधिकार देवानेच सत्तेला दिलाय."

"पण साहेब, आपण कुठे निष्पाप आहोत? तरी ख्रिस्त आपल्यासाठी मेलाच ना?"

"ते तारणाचं, आत्म्याच्या उद्धाराचं झालं. हा कायदा आहे."

सप्टेंबरात बेबाबाईला मुलगी झाली. बाळंतपण बाईंनीच केलं.

हायकोर्टाने शिक्षा कायम केली. तेव्हा बाईंनी राष्ट्रपतींना दयेचा अर्ज लिहिला: मी मेलेल्याची सख्खी बहीण, मीच साक्ष दिली, आता मीच मागते की या माणसाला जन्मठेप द्या. गावात कोणी त्यावर सही केली नाही. चर्चमधल्या बायका त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. शांतवनचा मित्र हिलाल मास्तर तोंडावर म्हणाला, "अक्का, भावाला दुसऱ्यांदा मारलंत."

एके दिवशी बेबाबाई कागद घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं. बाईंनी वाचून दाखवला. अर्ज फेटाळला होता आणि शेवटच्या भेटीला येरवड्याला बोलावलं होतं.

"माले तथानी वाट दखाडशात का?" बेबाबाईने विचारलं.

बाई तिच्याबरोबर गेल्या. गजांपलीकडे लोटन निम्मा झाला होता. त्याने गजांतून बोट घालून मुलीच्या गालाला लावलं. मुलगी रडू लागली. बाईंना सांगायचं होतं की मी अर्ज केला होता, पण ते कशाला सांगायचं, असं त्यांना वाटलं. तो त्यांच्याकडे वळला.

"बाई, पोरना कान टोचाना राही ग्यात. तेवढं करी द्या."

त्यांनी मान हलवली. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं.

फाशीनंतर बाईंनी गावातच मुलीचे कान टोचवून घेतले. आठ दिवसांनी बेबाबाई तिला घेऊन माहेरी निघून गेली. बाईंनी साक्रीला तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही.

बाहत्तर साली नवा कायदा आला, सरकारी दवाखान्यात गर्भ पाडता येऊ लागला. एक दिवस सुनंदाबाई नावाची बाई विचारायला आली. तिला चार मुली होत्या, पाचव्यांदा दिवस गेले होते आणि नवरा टाकून गेलेला.

"तुम्ही सांगाल तसं करते, बाई," ती म्हणाली.

दुर्कसबाईंनी तिचा हात धरला. "मला पाप वाटतं," त्या म्हणाल्या, "पण ठेव म्हणून सांगायचं धाडस आता होत नाही."

भुसावळच्या बसची वेळ झाली म्हणून सुनंदाबाई निघाली. ती सरकारी दवाखान्यात गेली की घरी, बाईंनी कधी चौकशी केली नाही.