दोन भावांत एक भट

मुकुंददादांशी शेवटची भेट अर्धीच झाली. मी परभणीला लेकीकडे गेले होते, आणि ते गंगाखेडहून मला भेटायला म्हणून आले. काचेचा कप त्यांना चालत नसे, म्हणून चहा स्टीलच्या पेल्यात दिला. दोन घोट घेतले असतील, तोच कुकरची शिट्टी झाली. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि उठून फाटकापर्यंत गेले. तिथं भाजीवाल्याच्या गाड्याचं चाक करकरत होतं. ते बघायला खाली बसले, आणि तिथून परस्पर बसस्टँडवर. संध्याकाळी फोन आला. "सुमन, चहा राहिला ना गं."

"अर्धा पिलात की दादा."

"अर्धा म्हणजे राहिलाच. पुढच्या बारीला पहिल्यापासून कर."

पुढची बारी आली नाही. त्याच आठवड्यात ह्यांचा फोन आला, की दादा अंघोळीला जाता जाता कोसळले आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेले. ते माझे थोरले दीर. महिना उलटून गेला. दिवसकार्य झालं, भांडी परत गेली, कागदपत्रं मार्गी लागली, म्हणून आता लिहायला बसले आहे.

लग्न होऊन मी गंगाखेडला आले तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद धुमसत होता. गोदावरीच्या घाटावर दहाव्याचे विधी सांगणं हे सासरचं पिढीजात काम. सासरे, म्हणजे अण्णा, थकत चालले होते. त्यांच्यामागं घाटावर दादांनी बसायचं हे ठरलेलंच होतं. माझ्याकडं पिशवी भरायचं काम आलं. तीळ खाली, त्यावर जवाचं पीठ, दर्भ उभा, पंचा सर्वांत वर. हा क्रम दादांचा. पंचा खाली गेला तर ते पिशवी रिकामी करून पुन्हा भरायला लावत. मग सगळं तपासून, समाधानानं मान हलवून, पिशवी उंबऱ्यावरच ठेवून घाटावर जात. शिस्त लागायची त्यांना, आणि मोडायचे तेच. मोडली की चिडचिडही त्यांचीच, दिवसभर. अण्णा म्हणत, "हा मुद्दाम करतोय." मला तसं वाटलं नाही. मुद्दाम करणारा माणूस इतका हैराण होत नाही.

एकदा मानवतकडचं एक कुटुंब वडिलांच्या दहाव्याला आलं. एसटीचा भरवसा नव्हता, म्हणून मंडळी ट्रॅक्टरनं आली होती आणि उजेडातच परतायच्या घाईत होती. आमचं मागचं दार घाटावरच उघडतं. मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. दादांनी विधी सुरेख सांगितला. पिंड मांडले, कावळ्याची वाट बघणं सुरू झालं... आणि दादा उठले. वरच्या अंगाला भोई लोकांचं जाळं गुंतलं होतं. दादा त्यांच्यात जाऊन बसले आणि गाठी सोडवायला लागले. इकडं कावळा काही शिवेना. हाका मारून झाल्या, दादांना ऐकूच जाईना. शेवटी अण्णांनी येऊन रीतीप्रमाणं दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि पुढचं उरकत आणलं. तेवढ्यात दादा परतले.

"दर्भ कुणी लावला? माझं मधलं म्हणायचं राहिलंय. बसा. पहिल्यापासून."

थोरला मुलगा ओल्या धोतरानं उभा होता. तो भडकला. "ओ महाराज, उठून तुमीच गेलात न्हवं? आन् आता परत आमालाच कामून बसवायलाय?"

"विधी अर्धा राहिला तर तुमच्या वडलांचं कसं होणार?"

"त्यायचं आमी बघतो! तुमी तुमचं जाळं सोडवा जावा."

लोक हसले. अण्णांनी हात जोडून मंडळींना वाटेला लावलं. दादांनी मात्र नवं पीठ भिजवलं आणि समोर कोणी नसताना सगळा विधी एकट्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत केला. अण्णा पायरीवर उभे राहून बघत होते.

जेवताना अण्णा म्हणाले, "उद्यापासून घाटावर श्रीधर बसंल."

श्रीधर म्हणजे माझे यजमान. ते खाली बघत राहिले. दादांनी विचारलं, "मग मी कुठं बसू?" रागानं नाही. त्यांना खरंच ती जागा सोडून दुसरी माहीत नव्हती.

सगळं काम माझ्या नवऱ्याकडं येत होतं, हे मला कळत होतं. पण ह्यांना अर्धे मंत्र येत नव्हते, हेही कळत होतं. मी वाढता वाढता म्हटलं, "अण्णा, दादा म्हणतानी कधीच उठत नाहीत. उठतात ते थांबायच्या वेळी. म्हणायचं त्यांच्याकडं ठेवा, थांबायचं ह्यांच्याकडं द्या."

"म्हणजे दोन पोरं मिळून एक भट?"

"एक तरी पुरा होतोय ना."

अण्णा हसले. पितृपक्षापर्यंत करून बघू म्हणाले. ते चाललं ते दादा जाईपर्यंत.

गेल्या वर्षी लेकीच्या मुलाला डॉक्टरांनी तपासलं. ऑटिझम आणि एडीएचडी, दोन्ही आहे म्हणाले. एक ओढ सगळं जागच्या जागी मागते, दुसरी जागेवर बसू देत नाही, आणि मूल मधे ओढलं जातं. पूर्वी डॉक्टरांची पुस्तकंच ही दोन्ही एका माणसात मानत नसत; आता कळलंय, की पुष्कळदा ती बरोबरच असतात. मी ऐकत होते आणि मनात एकेका मुद्द्यापुढं खूण करत होते... मुलाच्या नाही, दादांच्या नावानं. दादांची तपासणी कधी झाली नाही, तेव्हा ठामपणे काही म्हणणार नाही. घरी येऊन दादांना एवढंच सांगितलं, "पोरगा तुमच्यावर गेलाय."

त्यांनी विचार केला. म्हणाले, "मग त्याला एक भाऊ लागंल."

दोघांची घाटावरची रीत अशी होती. दादांनी म्हणायचं आणि वाट बघायची वेळ आली की मोकळं व्हायचं. कावळा शिवला की हे हाक मारत. दादा येऊन बसत, पण पुढचं सुरू करण्याआधी विचारत, "मधलं झालं का?"

"झालं."

"नीट?"

"नीट." मगच पुढं.

आता हे एकटेच बसतात; मंत्र एव्हाना सगळे येतात. परवा मागच्या दारातून बघत होते. कावळा शिवला. ह्यांनी सवयीनं वरच्या अंगाला हाक मारली. विधीला बसलेली मंडळी ताटकळली. मग हे शेजारच्या पायरीकडं बघत "झालं, नीट" म्हणाले, आणि पुढचं म्हणायला घेतलं.