घरातली इतर प्रौढ माणसं

मी वसई सोडली त्या दिवशी विमानतळावर मला पोचवायला एकशे चाळीस माणसं आली होती. माझी बायको फिलू म्हणते, सतरा. पण ती रडत होती, तिला काय मोजता येणार. सामानातल्या सुक्या बोंबलांचा वास असा होता की बॅगा तपासणारा साहेब लांबूनच म्हणाला, जा बाबा. आमचा ग्लेन तेव्हा सहा वर्षांचा, आज्याच्या, म्हणजे माझ्या पप्पांच्या, खांद्यावर बसलेला. माझ्या धाकट्या भावाला, इनासला, नेमकं तेव्हाच आठवलं की या तिघांची नावं रेशनकार्डावरून कमी करून घ्यायला हवीत. पप्पांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं.

"नाव कमी करायला तो काय मेलाय? घरचा माणूस कुठंही जाऊ दे, कार्डावर तो घरातच."

हे वाक्य मी कॅनडात घेऊन आलो. ते कुठं वापरू नये हे मात्र कोणी सांगितलं नाही.

वसईकरांनो, मी तुम्हाला फोनवर सांगत आलो की टोरोंटोत बावीस मजल्यांची बिल्डिंग आहे. आहेच. त्यातलं एकच घर माझं, तेही भाड्याचं, आणि भाडंही सरकारच्या सबसिडीवर, एवढं सांगायचं राहून गेलं. वेअरहाऊसमध्ये खोकी उचलून माझी कंबर गेली, तेव्हा त्या घरासाठी अर्ज केला. अर्ज केला तेव्हा माझे केस काळे होते. किल्ली मिळाली तेव्हा केसच नव्हते.

अशा घराचं भाडं आत राहणाऱ्यांच्या कमाईवर ठरतं. कमाई थोडी, तर भाडं थोडं. दरवर्षी फॉर्म येतो, त्यात घरात कोण कोण राहतं ते लिहायचं. नवराबायको सोडून आणखी कोणी प्रौढ माणूस राहत असेल तर त्याचीही कमाई धरतात. ग्लेन कॉलेजात होता तोवर त्याची धरली नाही. मग त्याला शंभर किलोमीटरवरच्या किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये जॉब लागला आणि त्यानं तिथंच एक बेसमेंट भाड्यानं घेतलं.

त्या वर्षीच्या फॉर्मवर मी ठसठशीत अक्षरात तीन नावं लिहिली. फिलूनं दोनदा टोकलं की पोरगा इथं राहत नाही. मी तिला पप्पांचं वाक्य ऐकवलं. वर ग्लेनची पगाराची स्लिपही जोडली, चांगली चार घड्या उलगडून. मला वाटलं, ऑफिसातली बाई अभिनंदनाचं कार्ड पाठवेल.

पत्र आलं. सबसिडी संपली होती, भाडं बाजारभावानं. त्या भावात आम्हा दोघांना फक्त वॉशरूम परवडली असती, तीही दार न लावता.

मी ऑफिसात धावलो. बाई भली होती. मी तिला रेशनकार्ड समजावलं, पप्पा समजावले, वसईची सगळी आळी समजावली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मुलगा राहतो की नाही? राहत असेल तर त्याचा पगार धरावा लागेल. राहत नसेल तर तसं लिहून द्या. मी लिहून दिलं: माझा मुलगा माझ्या घरात राहत नाही. खाली सही केली. आयुष्यात हजार थापा मारल्या मी, एकही जड गेली नाही. ही खरी गोष्ट लिहिताना पेन उचलेना.

भाडं खाली आलं. पण मग दोघांना दोन बेडरूम कशाला, असं निघालं, आणि वर्षभरात आम्हाला एका बेडरूमच्या घरात हलवलं. ग्लेनचा पलंग आम्ही रस्त्याच्या कडेला ठेवला. तासाभरात कोणीतरी नेला.

या विंटरमध्ये ग्लेनच्या कंपनीनं अर्धी माणसं काढली. त्यात तो गेला, मागोमाग बेसमेंटही गेलं. त्याचा फोन आला.

"डॅड, कॅन आय कम होम?"

आमच्या बिल्डिंगचा नियम असा की पाहुणा सलग दोन आठवडे राहू शकतो, पुन्हा यायचा तर मध्ये काही दिवस जावे लागतात. त्याहून जास्त राहिला की तो घरचा धरला जातो आणि त्याला मिळणारा बेकारीचा भत्ता आमच्या कमाईत येतो. लपवलं तर सबसिडीच जाते, मग पुन्हा घरासाठी थांबलेल्यांच्या त्या रांगेच्या शेपटाला. आता तेवढी वर्षं माझ्याकडं उरलेली नाहीत.

वसईच्या आमच्या घरात एक मावसा जेवायला म्हणून आला आणि अकरा वर्षं राहिला. कधी जाणार, असं त्याला कुत्र्यानंसुद्धा विचारलं नाही. त्या घरचा मी. माझ्या तोंडून निघालं, "किती दिवस राहणार, बाळा?"

मग तो म्हणाला, "टू वीक्स, डॅड. आय नो द रूल."

तो आला. सोफ्यावर झोपला. बॅग दाराजवळ बुटांशेजारी ठेवली, ती आत आणलीच नाही. शर्ट लागला की तिथं वाकून काढायचा. फिलू रोज मासळीचं कालवण करायची, तो ताट धुऊन जागेवर ठेवायचा. दिवसभर लॅपटॉपवर जॉबला अप्लाय करायचा. जॉब मिळाला नाही. ब्रॅम्प्टनमध्ये पाच पोरांच्या बेसमेंटमध्ये एका गादीपुरती जागा मिळाली.

चौदाव्या दिवशी सकाळी त्यानं पांघरुणाची कोपऱ्याला कोपरा लावून घडी केली. फिलूनं डबा हातात दिला. त्यानं तिला मिठी मारली आणि म्हणाला, "थँक्स फॉर हॅविंग मी, मम्मी."

पाहुणे म्हणतात तसं.

फिलू किचनमध्ये गेली आणि तिनं नळ सोडला. मी दारात उभा. माझ्या तोंडाला कधी कोणी कुलूप घालू शकलं नाही, पण तेव्हा मला दोनच शब्द सुचले. "परत ये," मी म्हटलं. त्यानं मान हलवली.

इथं आलेल्यांनो आणि तिथं राहिलेल्यांनो, घर म्हणजे काय असं मला आता विचारलंत, तर एवढंच सांगता येईल: लिफ्टचं दार लागायच्या आत मी मनातल्या मनात तारखा लावत होतो, पोरगा आता पुन्हा कधी आला तर चालेल.