हार घातलेला पतंग

झेंडूच्या हाराचा वास मला आता सोसत नाही. देवाच्या दारात मी नाकाला पदर लावते आणि बायका एकमेकींकडं बघतात. त्यांना सांगायचं तर भावापासून सांगावं लागेल, आणि ते माझ्या तोंडून निघायचं नाही. म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ गोव्याला समुद्राकाठच्या एका हॉटेलात कामाला होता. मी नवऱ्यानं टाकल्यापासून माहेरीच राहते. आईवडील गेले. जळकोटपासून आत असलेल्या आमच्या गावात, घरात मी आणि माझ्या शेळ्या. यंदाच्या उन्हाळ्यात भाऊ आला तो परत जायचं नाही असं मनात धरून आला. बरोबर तीन चाकांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी गाडी होती. तिला तो बग्गी म्हणायचा. चार चाकांची एक फळी होती, तिच्यावर पाय अडकवायचे पट्टे. आणि दोन पिशव्यांत दोन पतंग, एक लहान, एक मोठा. हॉटेलात दरसाल येणाऱ्या एका गोऱ्या माणसानं त्याला हे शिकवलं होतं, आणि वय झाल्यावर सगळं सामान त्यालाच देऊन टाकलं होतं.

हा पतंग आपल्या संक्रांतीच्या पतंगासारखा नसतो. त्याला काड्या नाहीत, कागद नाही. चांगल्या कापडाच्या उशीच्या खोळी एकीला एक शिवल्यासारखा तो असतो. वारा त्या खोळींत शिरला की फुगतो आणि माणसाला ओढतो. चार दोऱ्या, दोन मुठी. वरच्या दोन दोऱ्या ओढीच्या, खालच्या दोन पतंग थांबवण्याच्या. खालच्या दोऱ्यांचे पट्टे मनगटाला बांधलेले असतात. काही वेडंवाकडं झालं तर मुठी सोडून द्यायच्या. मग वरच्या दोऱ्या ढिल्या पडतात, खालच्या तेवढ्या ताणतात आणि पतंग चिंधीसारखा खाली पडतो.

गावाचं तळं उन्हाळ्यात आटतं. सांडव्याच्या कोपऱ्यात थोडं पाणी राहतं, बाकी सगळं सपाट, भेगाळलेलं. तिथं बग्गी चालवायला शिकवायचं, सोलापूरची, पुण्याची पोरं सुट्टीला येतील, असा भावाचा बेत होता. पण तळं पंचायतीचं. परवानगी मिळाली तर तो राहणार, नाही मिळाली तर परत गोव्याला. मला तो राहायला पाहिजे होता. दुसरं काही नको होतं. दिवस दिवस घरात माणसाचा आवाज नसला की माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे.

पहाटे तळ्यात कुणी नसायचं तेव्हा तो मला घेऊन जायचा. मला माणसांसमोर साधं मोठ्यानं बोलता येत नाही, पण तिथं बघायला कोण होतं. पदर खोचून मी लहान पतंगाच्या मुठी धरल्या. पतंग डोक्यावर असला की गप्प असतो, बाजूला नेला तरी गरीब असतो. समोर खाली आणला की अशी ओढ लागते की टाचा रुततात. पहिल्यांदा ओढ लागली तेव्हा मी हसले. मला माझंच हसू ऐकू आलं. भाऊ म्हणाला, आक्का, तू तर लगेच शिकलीस. त्यानं मला बग्गीतही बसवलं. लहान पोराच्या गतीनं का होईना, मी तळ्याच्या मधोमध गेले आणि आले.

तेव्हाच त्यानं मला निवडायचं कसं ते सांगितलं. वारा मंद असेल तर मोठा पतंग, कारण कापड जास्त असल्याशिवाय ओढ येत नाही. वारा जोराचा असेल तर लहान. नवशिक्यानं तर लहानच. त्याच्या गोऱ्या गुरूचं म्हणणं असं की मोठा पतंग दाखवायला घ्यायचा नसतो. भाऊ हे इतक्या मनापासून सांगायचा की मला वाटलं, याला एक गोष्ट तरी नीट कळली आहे आणि ती हा कुणासाठी सोडणार नाही.

सरपंच म्हणाले, आधी करून दाखव, मग बघू. रविवार ठरला.

रविवारी दुपारनंतर तळ्यात ही एवढी माणसं. ज्येष्ठ संपत आलेला, पाऊस नाही, नुसता वारा. टेकडीवरच्या पवनचक्क्या गरागरा फिरत होत्या. मी बांधावर शेळ्यांजवळ उभी राहिले, बायका तिथंच होत्या. भावानं लहान पतंग काढून मांडला. सरपंचांनी कमरेवर हात ठेवून बघितलं.

"हे काय रे? रुमाल हाय का पतंग?"

सगळे हसले. भाऊ म्हणाला, मालक, वारा लई हाय, आज हाच पायजे. सरपंचांच्या शेजारी एकजण गुटखा चघळत उभा होता. कुठंही असा एक असतोच. तो म्हणाला, "गोव्यावरून लंगोट घेऊन आलाय पाव्हणा."

पुन्हा हसणं. आणि माझा भाऊही हसला. त्यांच्यात मिसळून, दात काढून हसला. मग वाकला, लहान पतंग गोळा केला आणि दुसरी पिशवी उघडली.

मला तिथंच किळस आली. पुढं जे झालं त्यानं वाढली, पण सुरुवात तिथं झाली. कुणी जबरदस्ती केली नव्हती. कुणी हात धरला नव्हता. नुसते हसले.

मोठा पतंग जमिनीवर पसरला तेव्हा अंगणाएवढा दिसला. आता लोक खूश. आता पूजा. आमच्याकडं नवीन मोटारसायकल आली, ट्रॅक्टर आला, बोअरची मोटार आली तरी पूजा केल्याशिवाय चालू करत नाहीत. त्याचं मला काही नाही, मीही करते. पण ही पूजा कशी केली? पतंगावर कुंकू, हळद. नारळ फोडला आणि त्याचं पाणी शिंपडलं नाही, ओतलं. मग कुणीतरी अणदूरच्या देवळातून आणलेला भंडारा मुठीमुठीनं उधळला, तो त्या खोळींच्या तोंडांतून आत गेला, ओल्याला चिकटला. चपला घालून माणसं कापडावरून चालत होती. तो गुटखेवाला बोलता बोलता पचकन थुंकला, वाऱ्यानं ते उडून पतंगाच्या पांढऱ्या पट्टीवर आलं, त्यानं बोटानं पुसलं आणि बोट पतंगालाच पुसलं. भाऊ बघत होता. म्हणाला, राहू द्या राहू द्या.

शेवटी हार. गाडीला घालतात तसला, झेंडूचा, जाड, तारेत ओवलेला. सरपंचांनी तो स्वतःच्या हातानं पतंगाच्या दोऱ्यांना एका बाजूला गुंडाळून बांधला. टाळ्या वाजल्या. मला वाटलं भाऊ हळूच सोडेल. पण मानाचा हार घालणाऱ्याच्या समोर कुणी उतरवत नाही. लग्नात नवरदेवाची मान दुखली तरी तो उतरवत नाही. भावानं हाराला हात लावून तो हात कपाळाला लावला, बग्गीत बसला, मनगटाचे पट्टे बांधले आणि दोन माणसांना पतंग उचलायला सांगितलं.

पतंग वर गेला तो तोफेसारखा आवाज करत गेला. बग्गी जागेवरून उडालीच. थोडं अंतर तो बरा चालला, लोक ओरडत मागं धावले. मग वाऱ्याचा लोट आला. बग्गीचं एक चाक उचललं, ती आडवी झाली, भाऊ बाहेर फेकला गेला. त्यानं मुठी सोडल्या. मी बघितलं, त्यानं सोडल्या. पतंग पडायला पाहिजे होता. पण हाराच्या तारेनं एका बाजूची खालची दोरी वरच्या दोरीला आवळून धरली होती. ती बाजू ढिली पडेचना. पतंग भोवऱ्यासारखा फिरत राहिला आणि मनगटाच्या पट्ट्यानं भावाला ओढत राहिला. पोटावर. भेगाळलेल्या तळ्यातून, ढेकळांवरून, थेट सांडव्याच्या कोपऱ्याकडं.

त्या कोपऱ्याबद्दल सांगायला हवं. तिथं उरलेलं पाणी हिरवं, जाड असतं. मेलेल्या माशांचा थर असतो. कोंबड्यांची आतडी, पिसं गाव तिथंच टाकतं. मेलेलं कुत्रं, मेलेलं वासरू तिथंच. त्यात तो गेला, कमरेपर्यंत, तोंडासकट. पतंग पलीकडच्या बाभळीत अडकला, म्हणून भाऊ थांबला.

मी बांधावरून धावले, पण माझ्या आधी पुरुष पोहोचले होते. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, सगळे समोर धरलेले. एकानंही हात दिला नाही, वासानं कुणी पुढं जाईना. मी साडी धरून आत उतरले. चिखल पोटऱ्यांपर्यंत आला, काहीतरी मऊ पायाखाली फुटलं. भावाचा दंड धरून त्याला उभं केलं. त्याच्या मिशीत पिसं होती. खांदा सोलून निघालेला, रक्त आणि हिरवं एक झालेलं.

काठावरून सरपंच म्हणाले, "लई भारी. जत्रंत हेच करायचं, आसंच. परवानगी दिली समज."

आणि माझा भाऊ, तोंडातलं थुंकून, ओठ पुसून, हसला. दोन्ही हात जोडले. त्याच्या हातांतून ते हिरवं गळत होतं.

घरी मी पाणी तापवलं. त्याच्या पाठीवरून घासून काढलं, साबण दोनदा लावला, तरी वास जाईना. तो मात्र खुशीत होता. म्हणाला, आक्का, आता जायचं काम न्हाय, इथंच.

मी विचारलं, "जत्रंत कंचा उडवणार? लहान का मोठा?"

त्यानं कानातला चिखल बोटानं काढला. मग म्हणाला, "लोकास्नी मोठाच पायजे."

"आन् पडणं?"

"पडणं पण पायजे त्यास्नी."

मी तांब्या खाली ठेवला. म्हणाले, तू गोव्याला जा. मी हे बोलेन असं मला सकाळी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. त्याला वाटलं मी त्याच्या खांद्याला घाबरले. खांदा भरून येतो. म्हणाला, थोडं लागलंय, बरं हुईल. मी पुढं काही समजावलं नाही, मला समजावता येत नाही.

तो राहिला. जे मला पाहिजे होतं ते झालं. सोलापूरचं, पुण्याचं कुणी शिकायला आलं नाही. कसं येईल? जो स्वतः फरफटतो त्याच्याकडून कोण शिकेल. पण पाऊस अजून नाही, तळं कोरडंच आहे, आणि रविवारी गाव येतं, आजूबाजूचीही गावं येतात. कुणी ना कुणी हार आणतंच. तो हार घालून घेतो, मोठा पतंग वर सोडतो, वारा असला तर फरफटतो, आणि नसला तर आता जाणूनबुजून लोळतो. कोपऱ्यातल्या घाणीजवळ येऊन थांबतो आणि लोक ओरडतात, अजून जरा, अजून जरा. मी शेळ्या टेकडीपलीकडं नेते.

काल त्याला ताट वाढलं. तो एका हातानं जेवत होता, दुसऱ्या हातात मोबाईल. त्या पहिल्या रविवारचं कुणीतरी काढलेलं चित्र त्यात चालू होतं. लोकांचं हसणं, सरपंचांचा आवाज, आणि चिखलातून वर येणारं त्याचं तोंड. घास घेत तोही हसत होता. मोबाईल माझ्याकडं फिरवून म्हणाला, "आक्का, बघ तरी. तू पण हाईस ह्यात."

मी म्हणाले, "बंद कर ते. न्हायतर उद्या सकाळची गाडी धर."

त्यानं बंद केलं नाही. आवाज तेवढा कमी केला.